डायना क्रॉल पुन्हा पियानोवर

प्रति,
मा. संपादक,

विषय : ‘टर्न अप द क्वायट’ या अल्बमच्या परीक्षणासंबंधी

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत कॅनडाच्या गायिका-पियानोवादक डायना क्रॉल यांच्या ‘टर्न अप द क्वायट’ (२०१७) या नव्या अल्बमचे परीक्षण प्रसिद्ध झाले. मराठी वृत्तपत्रांत जॅझविषयी क्वचितच काही छापून येते, त्यामुळे ते उत्सुकतेने वाचले. परीक्षणाची भाषा प्रसन्न आहे आणि लिहिणाऱ्याला हे संगीत मनापासून आवडते, हेही त्यातून कळते. परंतु त्याचा एकूण निष्कर्ष मला मान्य नाही. दोन वर्षांपूर्वी साठ-सत्तरच्या दशकांतील पॉप गाणी गाऊन क्रॉल यांनी नवी वाट शोधण्याचा प्रयत्न केला होता आणि आता त्या पुन्हा ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या, जॅझमध्ये रूढ झालेल्या ‘स्टँडर्ड’ गाण्यांकडे वळल्या आहेत, म्हणजेच त्यांनी जोखीम टाळून हमखास यशाचा रस्ता धरला आहे, असा त्या परीक्षणाचा सूर आहे. मला हे नेमके उलटे वाटते. या दोन अल्बमांपैकी जोखमीचा कोणता, हे ठरवायचे असेल तर गाण्यांची जन्मसाले पाहून भागणार नाही. त्या गाण्यांत पियानोवर कोण बसले आहे, हे आधी पाहावे लागेल.

२०१५ सालच्या ‘वॉलफ्लॉवर’ या अल्बमचे निर्माते डेव्हिड फॉस्टर होते. ईगल्स, एल्टन जॉन, द मामाज अँड द पापाज यांची गाजलेली गाणी त्यांनी मोठ्या वाद्यवृंदासह बांधली, क्रॉल यांचा आवाज सर्वांत पुढे आणला आणि पियानो बहुतेक ठिकाणी स्वतःच वाजवला. फॉस्टर हे आपल्या कामात निष्णात आहेत आणि तो अल्बम ऐकायला गोडच आहे. पण ज्या कलावतीची निम्मी कला तिच्या बोटांत आहे, तिला पियानोपासून उठवून केवळ माइकसमोर उभे केले, तर उरते ती एक मर्यादित आवाक्याची, खर्जाकडे झुकणारी, बऱ्यापैकी गाणारी गायिका. क्रॉल यांचा आवाज जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड यांच्यासारखा तिन्ही सप्तकांत लीलया फिरणारा नाही, सॅरा व्हॉन यांच्यासारखा भव्यही नाही. तो आवाज उभा राहतो तो त्याखाली चालणाऱ्या पियानोच्या आधाराने, आणि तो आधार दुसऱ्या कोणी पुरवला की गाण्याचा तोलच बदलतो. नव्या अल्बममध्ये गाणी बदलली आहेत ही गोष्ट म्हणूनच दुय्यम आहे. क्रॉल स्वतः पियानोवर परतल्या आहेत, ही खरी बातमी होती आणि परीक्षणात तिचा उल्लेखही नाही.

स्वतःच्या गाण्याला स्वतः पियानोची साथ करणारा जॅझ गायक काय करू शकतो, याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण या अल्बमचे सारे मर्म तेथेच आहे. साथीदार वेगळा असतो तेव्हा तो गायकाचा अंदाज घेत वाजवतो. तो कितीही कुशल असला तरी पुढचा शब्द कधी येणार, गायक कोठे श्वास घेणार, ओळ किती लांबवणार, हे त्याला ऐकून ओळखावे लागते. गाणारा आणि वाजवणारा एकच असेल तेव्हा हा अंदाज घेण्याचा प्रश्नच उरत नाही. शब्द लयीच्या किंचित मागे ठेवायचा आणि कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गट, त्याच्याही मागे, किंवा कॉर्ड आधीच देऊन शब्द अधांतरी थांबवून ठेवायचा, किंवा एखाद्या ओळीखाली काहीच न वाजवता मोकळी जागा सोडायची, हे निर्णय त्या क्षणी एकच मेंदू घेत असतो. शर्ली हॉर्न या थोर गायिका-पियानोवादक या कलेच्या परिसीमेवर होत्या. त्यांची ठाय लय इतकी ठाय असे की दुसऱ्या कोणत्याही साथीदाराचा हात तेथे अस्वस्थ झाला असता. १९६० साली आलेला त्यांचा पहिला अल्बम ऐकून विख्यात ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी त्यांना न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये आपल्या कार्यक्रमाआधी गाण्यासाठी बोलावून घेतले होते, आणि डेव्हिस हे गायिकांची सहज वाखाणणी करणारे गृहस्थ नव्हते.

क्रॉल या परंपरेत कशा आल्या, तेही ध्यानात घेण्याजोगे आहे. १९६४ साली ब्रिटिश कोलंबियातील नानाइमो या गावी त्यांचा जन्म झाला. वडील हौशी पियानोवादक होते आणि जुन्या ध्वनिमुद्रिकांचे संग्राहक होते. पुढे बॉस्टनच्या बर्कली महाविद्यालयात शिष्यवृत्तीवर शिकल्यानंतर त्या लॉस एंजेलिसला जाऊन जिमी रोल्स यांच्याकडे शिकल्या. रोल्स म्हणजे बिली हॉलिडे, एला फिट्झजेराल्ड, पेगी ली अशा गायिकांच्या साथीला वाजवलेला पियानोवादक. मोठ्या गायिकेखाली किती कमी वाजवावे, हे त्यांच्याइतके जाणणारे फार थोडे होते. पियानो वाजवणाऱ्या क्रॉल यांना गाण्यासाठी उत्तेजन दिले तेही रोल्स यांनीच. म्हणजे क्रमाने आधी पियानोवादक आणि मग गायिका, अशी ही घडण आहे. सुंदर छायाचित्रे आणि भव्य तंतुवाद्यवृंद यांच्या झगमगाटात हा क्रम विसरला जातो. १९९९ च्या त्यांच्या अल्बमला ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमच्या नामांकनांत, पॉप कलावंतांच्या पंक्तीत, तो जाऊन बसला, तेव्हापासून तर हा विसर पक्काच झाला.

आता ‘स्टँडर्ड’ गाण्यांविषयी. परीक्षणात त्यांना ‘जुनी लोकप्रिय गाणी’ म्हटले आहे. ते चूक नाही, पण त्यावरून वाचकाचा असा समज होतो की एखाद्या गायकाने जुन्या सिनेमांतील गाणी पुन्हा म्हणावीत तसा हा प्रकार असावा. या गाण्यांचा मोठा भाग १९२० ते १९५० च्या दरम्यान न्यू यॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीसाठी आणि हॉलिवूडच्या संगीतपटांसाठी रचला गेला. नाटके बहुतांशी विसरली गेली, गाणी मात्र राहिली, कारण जॅझ वादकांनी ती उचलली आणि ती मूळ प्रसंगापासून सोडवून आपल्या उपजेसाठी वापरली. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्यासाठी फार दूर जावे लागू नये. संगीत नाटकांतील पदे रंगमंचावरून मैफलीत आली आणि प्रत्येक गायकाने ती आपल्या पिंडाप्रमाणे वाढवली. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम सादर केला तेव्हा पदे जुनी आहेत की नवी, हा मुद्दाच नव्हता. कुमारांना त्या पदांत काय दिसले, एवढेच ऐकायचे होते. साम्य येथे संपते, कारण जॅझमध्ये वादक ज्यावर काम करतो ती प्रामुख्याने गाण्याची हार्मनी असते, म्हणजे चालीखालचा कॉर्डांचा क्रम. बहुतेक स्टँडर्ड गाणी ३२ बारांची असतात (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट). आठ-आठ बारांचे चार तुकडे, त्यांतील पहिला, दुसरा आणि चौथा सारखा, तिसरा वेगळा. हे आवर्तन पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि वादक त्यावर दर खेपेस नवी चाल रचतो.

हा कॉर्डांचा क्रम किती स्वतंत्र आयुष्य जगू शकतो, याचे उत्तम उदाहरण या अल्बममध्येच आहे. ‘ब्लू स्काइज’ हे आयर्विंग बर्लिन यांचे १९२६ सालचे गाणे. शब्द निरभ्र आकाशाचे, आनंदाचे, पण चालीची सुरुवात उदास छटेच्या मायनर कॉर्डमध्ये, आणि त्याखाली खर्जाचा स्वर अर्ध्या-अर्ध्या पायरीने उतरत जातो. आनंदाच्या शब्दांखाली असलेली ही उतरण कानाआड करून अनेकांनी ते गाणे उडत्या चालीत गायले आहे. जॅझ पियानोवादक थेलोनिअस मंक यांनी मात्र १९४०च्या दशकात याच कॉर्डांवर स्वतःची संपूर्ण वेगळी रचना बांधली, जिची चाल ऐकून बर्लिन यांची आठवण होणे कठीण आहे. जॅझच्या कलावंताकडे असे गाणे येते तेव्हा त्याच्याबरोबर त्यावर आधी झालेले एवढे सगळे काम येते. श्रोत्याला ते माहीत असते, साथीदारांना तर तोंडपाठ असते. अशा गाण्यात काही नवे म्हणणे सोपे कसे, हे मला कळत नाही. ज्या पॉप गाण्याची एकच प्रसिद्ध आवृत्ती आहे, ते वेगळ्या वाद्यवृंदासह गाणे त्या मानाने कितीतरी निर्धास्त काम आहे.

‘ब्लू स्काइज’ येथे तिघांनी वाजवले आहे. पियानो क्रॉल यांचा, गिटार रसेल मलोन यांची आणि डबल बास ख्रिश्चन मॅकब्राइड यांचा. ड्रम्स नाहीत. लय धरण्याची जबाबदारी तिघांत वाटली जाते आणि कोणाचाच हात झाकला जात नाही, त्यामुळे खर्जाची ती उतरण लपायला जागा राहत नाही. पियानो, गिटार आणि बास या तिघांचा हा घाट नॅट किंग कोल यांनी १९३७ च्या सुमारास प्रस्थापित केला. कोल पुढे गायक म्हणून एवढे प्रसिद्ध झाले की ते मुळात पियानोवादक होते, हे जगाला सांगावे लागते. क्रॉल यांनी १९९६ साली कोल यांच्या या त्रिकुटाला एक पूर्ण अल्बम वाहिला होता आणि १९९७ मध्ये याच मलोन आणि मॅकब्राइड यांच्यासह ड्रम्सविना दुसरा. वीस वर्षांनंतर तेच तिघे पुन्हा एका खोलीत बसले आहेत. मधल्या काळात मॅकब्राइड हे स्वतःच्या वाद्यवृंदांचे नेते झाले, मलोन यांनी अनेक बड्या वादकांबरोबर काम केले, आणि हे अंतर ऐकू येते. १९९७ मध्ये तिघेही आपापली चपळाई दाखवायला उत्सुक होते. आता एकाने जागा सोडली की दुसरा ती भरण्याची घाई करत नाही. पियानोवर क्रॉल पूर्वीपेक्षा कमी स्वर वाजवतात आणि ते नेमक्या जागी पडतात. माझ्या मते या अल्बममधील सर्वोत्तम संगीत या तिघांचे आहे, आणि सारा अल्बम त्यांनाच दिला असता तरी माझी तक्रार नव्हती.

तसे झालेले नाही. अल्बमसाठी तीन वेगवेगळे संच वापरले आहेत, आणि कोणत्या संचात कोण आहे याकडे नीट पाहिले तर क्रॉल यांच्या कारकिर्दीचे तीन टप्पेच समोर येतात. दुसऱ्या संचात जॉन क्लेटन यांचा बास आणि जेफ हॅमिल्टन यांचे ड्रम्स आहेत. १९९३ सालच्या क्रॉल यांच्या पहिल्या अल्बममध्ये साथीला हेच दोघे होते. त्यांच्या जोडीला गिटारवर अँथनी विल्सन. तिसरा संच मात्र अगदी अनपेक्षित माणसांचा आहे. गिटारवादक मार्क रिबो यांचे नाव टॉम वेट्स यांच्या खडबडीत ध्वनिमुद्रणांशी जोडलेले, टोनी गार्नियर हे १९८९ पासून बॉब डिलन यांचे बासवादक, करीम रिगिन्स जॅझचे ड्रमर असूनही हिप-हॉपच्या निर्मितीत तितकेच मुरलेले, आणि स्टुअर्ट डंकन हे नॅशव्हिलच्या ब्लूग्रास या अमेरिकी ग्रामीण संगीताच्या परंपरेतले फिडलवादक (फिडल म्हणजे व्हायोलिनच). हमखास यशाच्या मागे लागलेल्या निर्मात्याने आणि गायिकेने ही चार माणसे एकत्र आणली नसती. १९२४ सालचे ‘आय विल सी यू इन माय ड्रीम्स’ हे गाणे ऐकावे. जँगो राइनहार्ट यांनी १९३९ मध्ये पॅरिसमध्ये ते गिटारवर वाजवले तेव्हापासून त्यावर युरोपीय गिटार-व्हायोलिनच्या शैलीची छाया आहे. येथे डंकन यांचे फिडल ती छाया मान्य करते आणि तरीही त्यात अमेरिकेच्या डोंगराळ दक्षिणेकडची माती मिसळते. क्रॉल यांचा पियानो अशा वेळी जवळपास जुन्या दिवाणखान्यातील पियानोसारखा, थोडा खेळकर, वाजतो.

वास्तविक परीक्षणकर्त्यांच्या आक्षेपात काही अंशी तथ्य आहे आणि ते कोठे आहे, तेही सांगितले पाहिजे. काही गाण्यांवर ॲलन ब्रॉडबेंट यांनी तंतुवाद्यवृंदासाठी स्वरलेखन केले आहे. ब्रॉडबेंट हे स्वतः उत्तम पियानोवादक आहेत, बासवादक चार्ली हेडन यांच्या क्वार्टेट वेस्ट या संचामध्ये त्यांनी दीर्घकाळ वाजवले आहे, आणि त्यांचे लेखन सभ्य, मऊ, गायिकेच्या पायात न येणारे आहे. परंतु कोल पोर्टर यांच्या ‘नाइट अँड डे’ला बोसा नोव्हा या ब्राझिली शैलीची लय देऊन त्यावर व्हायोलिनांची दुलई पांघरली आहे, तेव्हा २००९ मध्ये वाद्यवृंदाचे लेखक क्लाउस ओगरमान यांच्यासह केलेल्या अल्बमचीच आठवण येते, आणि ओगरमान यांची ती गूढ, काहीशी थंड छटा येथे नाही. पोर्टर यांनी हे गाणे १९३२ साली फ्रेड अस्टेअर यांच्यासाठी लिहिले. ते ३२ ऐवजी ४८ बारांचे आहे आणि त्यात एक झपाटलेपण आहे. रात्रंदिवस एकच विचार डोक्यात घोळणाऱ्या माणसाचे ते गाणे, बोसाच्या लयीत मात्र आरामखुर्चीत बसते. ‘स्वे’ या मेक्सिकोत जन्मलेल्या गाण्याची नाचरी लय मुद्दाम संथ केली आहे, ती कल्पना धाडसी आहे आणि पहिल्या ऐकण्यात मोहवतेही, पण वाद्यवृंद आला की गाणे जागच्या जागी थिजल्यासारखे होते. ‘सुरक्षित वाट’ हा शब्दप्रयोग वापरायचाच असेल तर तो या दोन-तीन गाण्यांपुरता वापरावा, आणि तेथेही दोष गाण्यांच्या वयाचा नाही. ‘इझन्ट इट रोमँटिक’वरही व्हायोलिने आहेत आणि ते मात्र सुंदर वठले आहे. १९३२ च्या ज्या चित्रपटासाठी रिचर्ड रॉजर्स आणि लोरेन्झ हार्ट यांनी ते रचले, त्यात पॅरिसचा एक शिंपी ते गुणगुणू लागतो, त्याच्याकडून ते गिऱ्हाइकाच्या तोंडी जाते, मग टॅक्सीवाल्याच्या, आगगाडीतील सैनिकांच्या, आणि असे तोंडोतोंडी फिरत फिरत थेट दूरच्या वाड्यातील राजकन्येपर्यंत पोहोचते. स्टँडर्ड गाण्याचे आयुष्य कसे असते, हे त्या चित्रपटाने काही मिनिटांत दाखवून दिले होते.

परीक्षणात आणखी एक विधान आहे, की हल्ली वय झालेले पॉप गायक याच गाण्यांचा आसरा घेतात आणि क्रॉल यांचा अल्बम त्याच लाटेतला आहे. लाट आहे, हे खरे. रॉड स्ट्यूअर्ट यांनी २००२ पासून अशा गाण्यांची मालिकाच काढली. बॉब डिलन यांनी २०१७ च्या मार्चअखेर तीन तबकड्यांत अशी तीस गाणी प्रसिद्ध केली. डिलन यांचा घोगरा, उतारवयातील आवाज त्या गाण्यांत अनेकदा थक्क करतो, हेही नमूद करतो. पण पाहुणा म्हणून आलेला आणि घरात वाढलेला यांत फरक करायला नको का? पॉल मॅकार्टनी यांनी २०१२ मध्ये आपल्या वडिलांच्या काळातील गाण्यांचा अल्बम केला तेव्हा त्यांना पियानोवर बसवण्यासाठी आणि तालसंचाची बांधणी करण्यासाठी कोण हवे होते? डायना क्रॉल! आणि त्या अल्बमचे निर्माते होते टॉमी लिपुमा.

लिपुमा यांच्याविषयी आपल्या पुरवणीत एक ओळही नसावी, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले. ‘टर्न अप द क्वायट’ची निर्मिती क्रॉल आणि लिपुमा यांनी मिळून केली आहे आणि तो लिपुमा यांच्या अखेरच्या कामांपैकी एक ठरला. १३ मार्च २०१७ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे न्यू यॉर्कमध्ये निधन झाले. अल्बम ५ मे रोजी बाजारात आला. क्लीव्हलंडच्या एका इटालियन वंशाच्या कुटुंबातला हा माणूस. लहानपणी हाडाच्या दुखण्याने बराच काळ अंथरुणाला खिळला आणि त्या काळात रेडिओ ऐकून संगीताच्या नादी लागला. सॅक्सोफोन वाजवला, केशकर्तनाचे कामही केले, आणि मग ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात शिरला. १९७६ मध्ये जॉर्ज बेन्सन यांचा ‘ब्रीझिन’ त्यांनी घडवला, जो जॅझच्या गिटारवादकाचा असूनही पॉपच्या श्रोत्यांनी लाखोंनी विकत घेतला. १९८६ मध्ये माइल्स डेव्हिस यांच्या ‘टुटू’च्या निर्मितीत त्यांचा हात होता. क्रॉल यांना त्यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यापासून हाताशी धरले आणि त्यांचे बहुतेक महत्त्वाचे अल्बम लिपुमा यांच्या देखरेखीखाली झाले. २००९ नंतर क्रॉल यांच्या स्वतःच्या अल्बमांत ते नव्हते. २०१२ मध्ये टी बोन बर्नेट आणि २०१५ मध्ये फॉस्टर यांच्याबरोबर काम करून आठ वर्षांनी त्या लिपुमा यांच्याकडे आल्या. याला परतणे म्हणायचे असेल तर जरूर म्हणावे. गाण्याची निवड, लय, कोणी किती वाजवावे याबाबत तुमच्या चुका तोंडावर सांगू शकेल अशा माणसाकडे परतणे हे काही सुखासीन काम नव्हे.

हॉलिवूडच्या कॅपिटॉल स्टुडिओत अल शमिट यांनी केलेले ध्वनिमुद्रण हाही एक स्वतंत्र विषय आहे, त्याबद्दल येथे एवढेच म्हणतो की आवाज आणि पियानो यांच्यातील अंतर फार कमी ठेवले आहे. बोटे पट्ट्यांवर उतरताना आणि ओठ उघडताना ती दोन्ही एकाच देहाची आहेत असे वाटते. आवाज आता पूर्वीपेक्षा खरखरीत झाला आहे, काही ओळींच्या शेवटी तो नुसत्या श्वासात विरतो. कोणी याला उतरणीची खूण म्हणेल. ‘आय ॲम कन्फेसिन’ या गाण्यात, जेथे कबुली देणाऱ्याला शब्द जड जाताहेत, तेथे हा विरणारा स्वर मला योग्यच वाटला. उलट, ‘एल-ओ-व्ही-ई’ हे कोल यांच्या शेवटच्या वर्षांतले, अक्षरे मोजून प्रेम सांगणारे गाणे क्रॉल यांनी का निवडले असावे, ते समजले नाही. त्यात पियानोला करण्यासारखे फारसे काही नाही, आणि कोल यांच्या आवाजातील मिस्कीलपणावाचून ते गाणे रिकामे वाटते.

आपल्या वाचकांना हा विषय परका वाटेल अशी शंका असल्यास एक गोष्ट सांगावीशी वाटते. ही गाणी मुंबईत नव्याने आलेली नाहीत. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला आणि त्यानंतर गोव्याच्या वादकांच्या एका पिढीने ही गाणी आत्मसात केली. ताजमध्ये ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट, म्हणजे अँतोनियो झेवियर वाझ, हेच पुढे सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात आले, आणि १९५१ च्या ‘अलबेला’तील गाण्यांवर ठेका धरणाऱ्या मराठी घरांनी जॅझचा ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा नाद, नकळत ऐकला. तेव्हाच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत या वादकांची नावे बहुधा येतच नसत. त्यांची माहिती आज जुळवताना अभ्यासकांना जो त्रास पडतो, तो पाहता संगीताविषयी लिहिताना वादकांना वगळण्याची आपली सवय किती जुनी आहे, हे लक्षात येते.

याच कारणाने माझी आपल्याला एक विनंती आहे. संगीताच्या अल्बमचे परीक्षण छापताना, विशेषतः तो जॅझचा असेल तेव्हा, साथीचे वादक, वाद्यवृंदाचे लेखक, निर्माता आणि ध्वनिमुद्रक यांची नावे देणारी एक छोटी चौकट परीक्षणाशेजारी द्यावी. गेल्या रविवारच्या परीक्षणात अकरापैकी सात गाण्यांची नावे होती, ती पूर्वी कोणकोणत्या प्रसिद्ध गायकांनी गायली याचीही यादी होती, परंतु या अल्बममध्ये वाजवणाऱ्या एकाही वादकाचे नाव नव्हते. जॅझच्या श्रोत्याला सर्वांत आधी हीच माहिती हवी असते, आणि ती असती तर परीक्षणकर्त्यांनाही मलोन, मॅकब्राइड आणि क्रॉल हे १९९७ चे त्रिकूट पुन्हा एकत्र आल्याचे दिसले असते आणि ‘परतणे’ कशाला म्हणायचे याचा त्यांनी कदाचित निराळा विचार केला असता.

पत्र लांबले आहे, याची मला जाणीव आहे. जागेअभावी काटछाट करावी लागल्यास आपण माझे कोणतेही मत गाळावे. वादकांची नावे तेवढी राहू द्यावीत.

आपला,
एक नियमित वाचक,
ठाणे